अंड्यावर येईपर्यंतचे सहा महिने

*परसात चार कोंबड्या पाळल्या की घरात एकच प्रश्न फिरायला लागतो, अंडं कधी? या प्रश्नाचं उत्तर कोंबडीच्या वेळेने मिळतं, आपल्या वेळेने नाही. पण सातारा-सांगलीतल्या हजारो घरांनी २०१९ मध्ये हीच वाट बघताना हात पोळून घेतले. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘कोंबड्या घ्या, पैसे कमवा’ म्हणालं तर आधी हे वाचा.*

जूनमध्ये पिल्लं आणली. पाऊसभर जपली. मांजरापासून वाचवली, मुंगसापासून वाचवली, आभाळात घार दिसली की घरातलं सगळं गणगोत अंगणात धावलं. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळीचा फराळ संपला. पिल्लांच्या कोंबड्या झाल्या, खाद्याचं दुसरं पोतं संपलं आणि अंड्याचा पत्ता नाही.

शेजारची काकू कुंपणावरून विचारते, “अजून न्हाय व्हय आली अंड्यावर?”

घरात कोंबड्या असलेल्या प्रत्येकाला हा सीन माहितीये. कराडच्या कॉलेजात असा, नाहीतर विट्याच्या, सुट्टीला घरी गेलं की आईच्या बोलण्यात ऊस, दूध आणि कोंबड्या हे तीन विषय येतातच. आता तर गावाकडे राहिलेली आपल्याच वयाची पोरं ‘गावरान अंडी’ म्हणून व्हॉट्सॲपला स्टेटस टाकतात, शहरात ऑर्डरी पोचवतात. त्यामुळे हा विषय फक्त आजीचा राहिलेला नाही.

पण अंडं येईपर्यंतच्या त्या सहा महिन्यांत नेमकं काय चाललेलं असतं? आणि त्याच सहा महिन्यांत माणसं फसतात ती कशी?

तलंग म्हणजे काय रे भाऊ?

इंग्रजीत जिला पुलेट म्हणतात तिच्यासाठी आपल्याकडे झकास शब्द आहे, तलंग. पिल्लूपण संपलेलं, पण अजून अंडं न दिलेली कोंबडी. ती अंडी द्यायला लागली की म्हणायचं ‘अंड्यावर आली’. आणि अंडी देणं थांबवून अंड्यांवर ठाण मांडून बसली, हात लावला की फुगून चोच मारायला लागली, की म्हणायचं ‘खुडूक झाली’. बघा, कोंबडीच्या आयुष्यातल्या प्रत्येक टप्प्याला आपल्या भाषेत शब्द आहे. ज्यांनी ते केले त्यांनी कोंबड्या नीट बघितल्या होत्या.

तलंग अंड्यावर कधी येते हे आधी जातीवर ठरतं. पोल्ट्री फार्मवरची पांढरी लेअर साधारण १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. कारण पिढ्यानपिढ्या तिची निवड फक्त अंड्यांसाठी झालेली आहे. गिरिराज, वनराज अशा परसातल्या सुधारित जातींना साडेपाच-सहा महिने लागतात. अस्सल गावरान कोंबडी सहा-सात महिने घेते आणि वर्षभरात पन्नास-साठ, फार तर सत्तर अंडी देते. मधे खुडूक होते, पिल्लं काढते, ती सांभाळते. तिला आपला ‘प्रॉडक्शन टार्गेट’ माहीत नाही.

दुसरी गोष्ट उजेड. कोंबडीच्या मेंदूला दिवस मोठा होतोय की लहान हे कळतं आणि त्यावर अंड्याची हार्मोन्स हलतात. दिवसाला चौदा तासांच्या आसपास उजेड मिळाला तर अंडी चांगली येतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. म्हणजे जूनच्या पिल्लांची तलंग नेमकी वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवसांत वयात येते. ती थोडी रेंगाळली तर आजारी आहे असं समजू नका. संक्रांत उलटली, दिवस वाढायला लागला की बऱ्याचदा गाडी आपोआप सुरू होते. पोल्ट्रीवाले संध्याकाळी बल्ब लावतात तो याचसाठी.

तिसरी गोष्ट खाद्य. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते कोंबडी खाण्यातून घेते आणि कमी पडलं तर स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा द्यायचा. पण ‘लवकर अंडं देईल’ म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाला लेअरचं खाद्य घालू नका. तेवढं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. घाई केली की नुकसान होतं ते असं.

आणि एक गैरसमज इथेच मिटवूया. अंडं द्यायला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो अंड्यातून पिल्लू हवं असेल तर. खाण्याची अंडी कोंबडीच्या एकटीच्या जिवावर येतात.

ती सांगत असते, आपण बघत नाही

अंडं यायच्या आधी दोन-तीन आठवडे कोंबडी बरंच काही सांगते.

तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी फिकट गुलाबीची लालभडक होते. आपण जवळ गेलो की ती पळायच्या ऐवजी पंख थोडे पसरून खाली बसते. अडगळीतल्या टोपल्यात, पेंढीत, जिन्याखाली, एकदा तर थेट कपड्यांच्या बादलीत डोकावून जागा बघायला लागते. खाणं वाढतं. ओरडणं वाढतं. मागच्या बाजूची दोन टोकदार हाडं चाचपली तर आधी त्यांत एक बोट मावत असतं, अंड्यावर आल्यावर दोन-तीन बोटं मावतात.

मग एके दिवशी अंडं दिसतं. बहुतेक वेळा ते इतकं लहान असतं की घरात हशा पिकतो. एखाद्यात बलकच नसतो, एखाद्याचं कवच पापुद्र्यासारखं मऊ असतं. काळजी नको. यंत्रणा नवी आहे, दोन-चार आठवड्यांत जमून येते.

तरी रोज एक अंडं मिळेल अशी आशा धरू नका. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले जवळजवळ २० तास नुसत्या कवचाला जातात. म्हणजे रोज थोडा थोडा उशीर होत जातो आणि मग एखादा दिवस सुट्टी. हा आकडा लक्षात ठेवा. कोंबडीच्या पोटात घड्याळ आहे आणि ते कुणाच्या जाहिरातीने पळत नाही. पुढे कामाला येईल.

२०१९ : सांगली, सातारा आणि काळी कोंबडी

कडकनाथ माहितीये ना? मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कोंबडी. पिसं काळी, तुरा काळा, मांसही काळपट. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. महेंद्रसिंह धोनीने रांचीतल्या आपल्या फार्मसाठी झाबुआतून दोन हजार पिल्लांची ऑर्डर दिली तेव्हा तिची देशभर चर्चा झाली. जात अस्सल आहे, चवीला मान आहे, मागणीही आहे. तिच्यात खोट काहीच नाही.

खोट होती ती तिच्याभोवती उभ्या केलेल्या हिशेबात.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमधून ‘महारयत ॲग्रो इंडिया’ नावाच्या कंपनीने कडकनाथ पालनाची योजना चालवली. ७५ हजार रुपये भरा, दोनशे पिल्लं घ्या, शेड तुमचं, राबणं तुमचं. खाद्य-औषध आम्ही देऊ आणि अंडी ठरलेल्या दराने आम्हीच विकत घेऊ. सुरुवातीच्या अंड्यांना तर एका अंड्यामागे पन्नास रुपयांचा दर सांगितला जायचा. तेव्हा पोल्ट्रीचं पांढरं अंडं पाच रुपयांच्या आसपास मिळत होतं.

वाळवा, शिराळा, कराड, पाटण, पलीकडे कोल्हापूर आणि मग राज्याच्या इतर भागांतही माणसं त्यात उतरली. कुणी सोनं गहाण ठेवलं, कुणी सोसायटीचं कर्ज काढलं. त्यात आपल्या वयाची पोरं बरीच होती. भरतीत नंबर लागला नाही, स्पर्धा परीक्षा हुकली, पुण्याला रूमचं भाडं परवडेना, मग घरी राहून ‘आधुनिक धंदा’ करू म्हणून वडिलांना तयार करणारी पोरं. चूक ती काय? गावात राहून काही करायचं म्हणणं चांगलंच होतं.

२०१९ च्या मध्यावर गाडी अडली. खाद्य वेळेवर येईना, अंडी न्यायला कुणी येईना, पैसे थकले. शेडमध्ये शेकडो पक्षी आणि त्यांना घालायला दाणा नाही. पक्षी मरायला लागले. त्या वर्षी फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली तेव्हा आंदोलकांनी ताफ्याच्या वाटेवर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली. टीव्हीवर ते दृश्य बघून बाकीचा महाराष्ट्र हसला असेल. इथे ज्यांच्या घरात रिकामं शेड उभं होतं त्यांना हसू आलं नाही.

चला, पेन काढा

कुणाची बाजू बाजूला ठेवू. बारावीचं गणितही नको, सातवीचं पुरेल.

कडकनाथबद्दल आपल्या सरकारी पक्षी संशोधन संस्थांनी दिलेली माहिती अशी: अंड्यावर यायला साधारण १८० दिवस, वर्षाला अंडी साधारण १०५. म्हणजे शंभर कोंबड्या असतील तर वर्षाला साडेदहा हजार, दिवसाला सरासरी २९ अंडी.

आता खर्च. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅम खाद्य खाते असं धरा. शंभर कोंबड्यांना दहा किलो. किलोला तीस रुपये धरले तर दिवसाला तीनशे रुपये. अंडं गावरानच्या भावाने, म्हणजे दहा रुपयांना विकलं, तर २९ अंड्यांचे २९० रुपये. खाद्यसुद्धा सुटत नाही. औषध, वीज, मजुरी, मर हे वेगळंच. आणि पहिले सहा महिने तर अंडंच नाही, फक्त खर्च.

हेच अंडं पन्नासला गेलं तर? दिवसाला १,४५० रुपये. म्हणजे सगळा धंदा कोंबडीवर नाही, त्या पन्नास रुपयांवर उभा आहे.

मग विचारा, पन्नास रुपयांचं अंडं खाणार कोण? रोज खाणारा कुणी नाही. पन्नासचं अंडं परवडतं ते फक्त त्यातून पिल्लू काढून, ते पिल्लू पुढच्या शेतकऱ्याला महाग विकणाऱ्याला. म्हणजे अंड्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पुढचा शेतकरी.

आता ही साखळी मोजूया. साडेदहा हजारांतली दहाच हजार अंडी धरा. सगळी उबत नाहीत, पाचातल्या एकातून पिल्लू निघालं असं अगदी कमी धरू. दोन हजार पिल्लं. एका शेतकऱ्याला दोनशे, म्हणजे एका शेतकऱ्याची अंडी खपवायला पुढच्या फेरीत दहा नवे शेतकरी हवेत. त्या दहांना शंभर. शंभरांना हजार. मग दहा हजार. मग एक लाख. पाचव्या फेरीपर्यंत आपल्या दोन जिल्ह्यांत शेड बांधायला माणूस उरायचा नाही.

एका शेतकऱ्यापासून सुरुवात केली तर ही गत. सुरुवातच काही शे जणांपासून झाली तर विचारायलाच नको. अशी साखळी कधी ना कधी तुटणारच, चालवणारा कितीही प्रामाणिक असला तरी. ती तुटते तेव्हा सगळ्यात शेवटी आलेल्यांच्या शेडमध्ये पक्षी असतात आणि हातात कागद.

वाट बघण्यातच खरी मेख

मग एवढं सोपं गणित आधी कुणाला का दिसलं नाही? कारण मधे वाट बघायची होती.

अंडं दुसऱ्या दिवशी यायचं असतं तर आठवड्यात भांडं फुटलं असतं. पण पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं यायला सहा महिने. त्या सहा महिन्यांत सगळं आशादायक दिसतं. पक्षी वाढतायत, खाद्याची गाडी येतेय, शेजारच्या गावात कुणाला तरी पैसे मिळालेत. सुरुवातीच्या लोकांना मिळतातच, नव्यांनी भरलेले पैसे फिरत असतात. ते बघून मेव्हणा भरतो, मामा भरतो. प्रश्न विचारायचा म्हटलं तर उत्तर तयार असतं, “अहो, अजून अंड्यावर यायच्यात, थांबा की जरा.” आणि कोंबडी पाळणाऱ्याला थांबायची सवय असते. त्या सवयीचाच वापर होतो.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. त्याच्या आधी सात वर्षं, २०१२ मध्ये, तमिळनाडूत पेरुंदुराईच्या ‘सुसी इमू फार्म्स’चा कारभार कोसळला. तिथे पक्षी होता ऑस्ट्रेलियातला इमू. तो अंड्यावर यायला दीड ते दोन वर्षं घेतो. वाट जेवढी लांब, तेवढं खरं कळायला उशीर. दक्षिणेतल्या त्या बातम्या आपल्यापर्यंत नीट पोचल्या असत्या तर कदाचित काही घरं वाचली असती.

पुढच्या वेळी पक्षी दुसरा असेल. किंवा पक्षी नसेलच, चंदनाची रोपं असतील, ससे असतील, मोबाईलवरचं एखादं ॲप असेल. खूण एकच. फळ यायला खूप वेळ, विकत घेणारा एकटाच आणि त्याचा दर बाजारापेक्षा कितीतरी जास्त.

मग कोंबड्या पाळायच्याच नाहीत?

पाळायच्या की! फक्त कोंबडीच्या हिशेबाने.

परसातली कोंबडी परवडते कारण ती निम्मं पोट स्वतः भरते. किडे, गवत, सांडलेला दाणा, घरातलं उरलंसुरलं. शंभर कोंबड्या कोंडल्या की खाद्याचं बिल सुरू होतं, दहा कोंबड्या मोकळ्या सोडल्या की ते जवळजवळ नसतं. सुधारित जातीच्या दहा कोंबड्या धरा, वर्षाला प्रत्येकी १२० अंडी. बाराशे अंडी. दहा रुपयांनी बारा हजार, महिन्याला हजार. लखपती होणार नाही, पण एसटीचा पास आणि मोबाईलचा रिचार्ज निघतो. घरात आजी-आजोबांना, पोरांना अंडी मिळतात ती वेगळीच. आणि गिऱ्हाईक समोर दिसतं. शेजारची काकू, गल्लीतली जिम लावणारी पोरं, शहरातल्या ओळखीच्या चार सोसायट्या. एकाने नाही घेतलं तर दुसरा घेतो.

सहा महिने थांबायचं नसेल तर त्यालाही वाट आहे. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत तलंगांचा गट मिळतो, आठ-दहा आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर, ५० टक्के अनुदानावर. सगळ्यात नाजूक दोन महिने त्यात टळतात. पंचायत समितीत किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

लसीकरण चुकवू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पहिली लस पिल्लू पाच-सात दिवसांचं असतानाच द्यायची असते, पुढचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. शिकायचं असेल तर माणसं जवळच आहेत. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कृषी विज्ञान केंद्रं साताऱ्यात बोरगावला, कराडजवळ कालवडेला आणि मिरज तालुक्यात कांचनपूरला आहेत. एक चक्कर मारायला काय जातं?

आणि कुणी योजना घेऊन दारात आलं तर वडील सही करायच्या आधी तुम्ही पाच प्रश्न विचारा. कॉलेजला जातो ना आपण, एवढं तर आपलं काम आहे.

१. ही जात अंड्यावर कधी येते आणि वर्षाला किती अंडी देते? हे तुमच्याकडून नको, पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून कळेल.

२. तुम्ही अंडी घेतली नाहीत तर गावात हे अंडं कितीला जाईल? त्या दरात खाद्य सुटतं का?

३. तुम्ही आमचं अंडं पुढे कुणाला विकता? खाणाऱ्याला, की पुढच्या शेतकऱ्याला?

४. खाद्याची गाडी एक महिना आली नाही तर पक्षी जगवायचे पैसे आमच्याकडे आहेत का? हा प्रश्न घरच्यांना विचारायचा.

५. ज्यांना पैसे मिळाले म्हणता, ते पैसे अंडी विकून आले की नवीन माणूस जोडून?

या पाचांची सरळ उत्तरं आली तर जरूर पुढे जा. ‘आत्ता भरा, उद्या दर वाढणार’ असं कानावर आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

एवढं झालं की परसात या. तुरा लाल झालाय का बघा, कोपऱ्यात पेंढा घालून एक टोपलं ठेवा, पाणी बदला. दिवस वाढायला लागलाय. ती येईल अंड्यावर, तिच्या वेळेला.